मोटरहोममागे चारही चाकांवर मोटार ओढणे : अमेरिकेतील एका सहलीसाठी आणि सोलापुरातील एका मित्रासाठी विचारणा

पाटकरी (धागाकर्ता)

नमस्कार. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला सोलापूरकर आहे. येत्या मे महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे, अ‍ॅरिझोनातील फिनिक्सला जाणार आहोत. जावयांनी एक जुने, पेट्रोलवर चालणारे मोटरहोम (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी) घेतले असून त्यातून ग्रँड कॅन्यन आणि पुढे युटा राज्यात दोन आठवडे फिरण्याचा बेत आहे. मोटरहोम एकदा मुक्कामी उभे करून पाण्याची आणि विजेची जोडणी केली की केवळ दूध आणण्यासाठी किंवा सूर्योदय पाहण्यासाठी ते पुन्हा हलवणे जिकिरीचे होते. म्हणून आपली जीप रँग्लर मोटरहोमला मागून जोडायची आणि तिची चारही चाके रस्त्यावर फिरत ठेवून तिला ओढत न्यायची, असे त्यांनी ठरवले आहे. जीपमध्ये कोणीही बसणार नाही. चालक नसलेली मोटार ताशी नव्वद किलोमीटरने आपल्या पाठीमागे येत आहे, ही कल्पना आयुष्यभर कालव्याच्या कडेने सायकल हाकलेल्या माणसाला सहजी पचत नाही.

दुसरा प्रश्न इथला आहे. माझे एक मित्र फोर्स ट्रॅव्हलरवर कॅरॅव्हॅन बांधून घेत आहेत. अमेरिकेतील हा प्रकार मी त्यांना सांगितला, आणि ती माझी चूक झाली, कारण आता त्यांनी अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत लोखंडी दांडा घडवून घेऊन आपली वॅगनआर मागे जोडून कोकणात जाण्याचा निश्चय केला आहे. दोन्ही बाबतींत काय सांभाळावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

होटगी रोड गॅरेज

पाटकरी साहेब, आपल्याकडे ज्याला सगळे 'टोचन' म्हणतात, तेच हे काम आहे. फरक इतकाच की आपण बंद पडलेली गाडी गॅरेजपर्यंत आणतो आणि तिकडे चांगली, धडधाकट गाडी शेकडो किलोमीटर नेतात. या फरकाचा सगळा भार गिअरबॉक्सवर पडतो, म्हणून दांडा आणि हूक यांच्याआधी गिअरबॉक्सविषयी लिहितो.

गाडी ओढली जाते तेव्हा इंजिन बंद असते, पण चाके फिरत असतात आणि चाकांना जोडलेले गिअरबॉक्समधले भागही फिरत असतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे बेअरिंग व क्लचच्या चकत्या कोरड्या फिरणार. गॅरेजपर्यंतच्या दोन किलोमीटरमध्ये ते कदाचित निभावेल, परंतु दोनशे किलोमीटरनंतर आतले तेल जळक्या वासाचे आणि काळे निघते. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गतही हीच आहे. होंडा सीआर-व्ही हे याचे चांगले उदाहरण आहे. अमेरिकेत २०१४ पर्यंतच्या सीआर-व्हीला ठरावीक पद्धतीने गिअर फिरवून चारही चाकांवर ओढण्याची परवानगी कंपनीच देत असे. २०१५ मध्ये तिला सीव्हीटी आला आणि ती परवानगी गेली. गाडीचे नाव तेच राहिले, पण आतले यंत्र बदलले, त्यामुळे "माझ्या शेजाऱ्याची ओढली जाते" हा पुरावा धरू नये.

हाताने गिअर टाकायच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाड्यांमध्ये परिस्थिती बरी असते. न्यूट्रलमध्ये चाकांबरोबर डिफरन्शियलचे मोठे चक्र फिरते, ते तेलात बुडालेले असते आणि तेल उडवत राहते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या गिअरबॉक्समध्ये मात्र तेल उडवण्याचे काम इंजिनाकडून फिरणारा खालचा शाफ्ट करतो, आणि न्यूट्रलमध्ये तोच स्थिर राहतो. म्हणजे 'मॅन्युअल आहे, न्यूट्रलला टाका आणि ओढा' हा आपल्याकडचा सरसकट सल्ला अर्धाच खरा आहे. एएमटी गाडी आतून मॅन्युअलच असते, पण तिचे गिअर विजेवर हलतात. गिअरमध्ये असताना बॅटरी बसली तर ती न्यूट्रललाच येत नाही, आणि अशी गाडी ओढून आणलेली मी पाहिली आहे. विजेवरच्या गाडीची चाके जमिनीवर फिरवत ओढणे तर पूर्ण टाळावे, कारण फिरणारी चाके तिच्या मोटरला जनित्र बनवतात. ती सपाट पाटाच्या गाडीवर चढवूनच न्यावी.

रँग्लरची निवड योग्य का आहे, तेही सांगतो. तिच्या ट्रान्स्फर केसला, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीला, स्वतःचा न्यूट्रल आहे. तो लागला की पुढचे आणि मागचे दोन्ही शाफ्ट गिअरबॉक्सपासून सुटे होतात आणि मुख्य गिअरबॉक्स स्वस्थ बसून राहतो. आपल्या थारच्या लहान दांड्यावरही तो 'एन' असतो. तरीही शेवटचा शब्द गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेचा असतो, माझा नाही.

चादर आणि चटणी

इतका खटाटोप करण्यापेक्षा मित्रांनी वॅगनआर चालवायला एक माणूस रोजावर घ्यावा, असे मला वाटते. तो जेवायलाही सोबत असेल आणि घाटात दगड लावायलाही.

वाळवंटी

मी मूळची बाळ्याची असून गेली काही वर्षे अ‍ॅरिझोनातच राहते. आम्ही दोघे मोटरहोममागे अशीच गाडी नेतो, त्यामुळे पाटकरी काकांच्या पहिल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देते. इथे अशा ओढल्या जाणाऱ्या गाडीला गमतीने 'टोड' म्हणतात. इंग्रजीत त्याचा अर्थ बेडूक असा होतो, आणि मोटरहोमच्या मागे बसलेले ते ध्यान पाहिले की नाव पटते.

जोडणीचे तीन भाग असतात. गाडीच्या पुढच्या बंपरआड, सांगाड्यालाच, एक पोलादी पट्टी बोल्टने बसवतात, आणि ती त्या मॉडेलसाठीच बनवलेली असावी लागते. मोटरहोमच्या मागच्या चौकटीत हूक असतो. या दोहोंमध्ये इंग्रजी ए अक्षराच्या आकाराचा दांडा येतो. त्याचे हात आतबाहेर सरकतात, म्हणून गाडी नेमकी सरळ उभी करता आली नाही तरी जोडता येते आणि थोडे पुढे गेल्यावर हात आपोआप ताठ होऊन अडकतात. दांडा जवळजवळ जमिनीला समांतर असला पाहिजे. दोन्ही टोकांच्या उंचीत तीन-चार इंचांपेक्षा जास्त फरक असेल, तर जोरात ब्रेक लागल्यावर मागची गाडी मोटरहोमच्या खाली घुसू पाहते किंवा वर चढू पाहते. तसा फरक असल्यास उंची जुळवणारा वेगळा तुकडा मिळतो. दांड्याखालून दोन पोलादी दोर फुलीसारखे आडवे-तिडवे बांधतात, म्हणजे दांडा निसटलाच तर तो रस्त्यात न रुतता त्या फुलीच्या झोळीत पडतो.

यानंतर ब्रेक. लोक दांड्यावर हजार डॉलर खर्च करतात आणि ब्रेकवर काटकसर करतात, हे मला कधी समजले नाही. ओढलेल्या गाडीला स्वतःचा ब्रेक नसेल तर तिचे सगळे वजन थांबवण्याचे काम मोटरहोमच्या ब्रेकवर येते. म्हणून चालकाच्या पायाजवळ एक पेटी ठेवतात. ती गती कमी झाल्याचे ओळखून, त्या प्रमाणात, गाडीचा ब्रेक पायाने दाबावा तसा दाबते. काही ठिकाणी ही व्यवस्था कायमची गाडीतच बसवून घेतात. याशिवाय एक बारीक तार मोटरहोमला अडकवलेली असते. जोडणी पूर्ण तुटली तर ती तार ओढली जाऊन मागच्या गाडीचे ब्रेक आपोआप लागतात. किती वजनापुढे असा ब्रेक सक्तीचा आहे, याचे नियम राज्यागणिक बदलतात. अनेक राज्यांत ती मर्यादा ३,००० पौंडांच्या, म्हणजे साधारण १,३६० किलोंच्या आसपास आहे आणि रँग्लर तिच्या बरीच वर जाते. युटाऐवजी कॅलिफोर्नियाकडे वळलात तर तिथे काहीही ओढणाऱ्या वाहनाला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, हे जावयांना सांगून ठेवा.

आता ज्या गोष्टी नवखा माणूस विसरतो, त्या सांगते. अशी जोडी मागे घेता येत नाही. मागे घेताना ओढलेल्या गाडीची पुढची चाके एका बाजूला पूर्ण वळतात, गाडी आडवी होते आणि दांडा वाकतो. म्हणून पेट्रोल पंपात शिरण्यापूर्वीच बाहेर पडण्याची वाट पाहून घ्यावी लागते, आणि अडकलोच तर निमूटपणे उतरून गाडी सोडवावी लागते. मागच्या गाडीचे चाक पंक्चर झाले तर चालकाला काहीच जाणवत नाही. आमच्या एका परिचितांनी उरलेल्या रिमवर चार मैल काढले होते, ते बाजूच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून सांगितल्यावर थांबले. तेव्हापासून आम्ही चारही चाकांवर हवेचा दाब कळवणारे संवेदक लावले आणि मागचा कॅमेरा पूर्ण वेळ चालू ठेवला. स्टिअरिंगचे कुलूप उघडे राहावे म्हणून काही गाड्यांत चावी फिरवून ठेवावी लागते, आणि मग संध्याकाळपर्यंत बॅटरी उतरते. त्यावर पुस्तिकेत सांगितलेला फ्यूज काढणे किंवा मोटरहोमकडून चार्जिंगची तार आणणे हे उपाय आहेत. मागचे दिवे मोटरहोमच्या दिव्यांबरोबर लागावेत म्हणून तार जोडतात, पण मध्ये वीज एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड घालावे लागतात, नाहीतर वीज उलट्या वाटेने जाऊन गाडीच्या वायरिंगमध्ये गोंधळ करते.

जुळे सोलापूरकर

ब्रेकविषयी वाळवंटी ताईंनी लिहिले ते मी स्वतः भोगले आहे. दोन वर्षांपूर्वी माझी गाडी मोहोळजवळ बंद पडली. मित्राची बोलेरो होती आणि जाड दोर होता, म्हणून आम्ही सोलापूरकडे निघालो. इंजिन बंद असल्याने ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला, व्हॅक्यूम मिळत नाही, हे मला पुस्तकी माहीत होते, पण पायाला माहीत नव्हते. पहिले दोन-तीन ब्रेक नेहमीसारखे लागले, कारण बूस्टरमध्ये साठलेले व्हॅक्यूम शिल्लक होते. सावळेश्वर टोलनाक्याच्या रांगेत बोलेरो थांबली, तेव्हा माझ्या पायाखाली ब्रेकऐवजी दगड ठेवावा तसे झाले आणि मी सरळ तिच्या मागच्या बंपरवर गेलो. स्टिअरिंगही मणभर जड झालेले होते. वेग बेताचा होता म्हणून बंपर आणि दोस्ती दोन्ही थोडक्यात वाचले.

त्यावरून एक शंका येते. पायाजवळची ती पेटी ब्रेक दाबते, पण मागच्या गाडीचे इंजिन बंद असताना तिला हाच दगड लागत नाही का?

वाळवंटी

प्रश्न अगदी नेमका आहे. लागतो. म्हणून काही पेट्या बूस्टरशिवायच्या कडक पायट्यावर पुरेसा जोर देण्याच्या हिशेबानेच बनवलेल्या असतात, तर कायमच्या बसवलेल्या काही यंत्रणा बूस्टरसाठी स्वतःचे व्हॅक्यूम तयार करतात. नेमक्या याच कारणाने पेटी बसवण्यापूर्वी इंजिन बंद करून पायटा चार-पाच वेळा दाबून साठलेले व्हॅक्यूम संपवायला सांगितलेले असते. ते न करता निघालो, तर पहिल्याच ब्रेकला मागच्या गाडीची चाके जाम होऊ शकतात आणि टायर सपाट घासले जातात.

पाटकरी

सर्वांचे आभार. जावयांशी बोललो. मोटरहोमच्या हूकवर ५,००० पौंड असा शिक्का आहे आणि जीप साधारण ४,२०० पौंडांची आहे, त्यामुळे वजनाची काळजी नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. हे बरोबर आहे का?

वाळवंटी

काका, इथेच बहुतेक लोक फसतात. हूकचा आकडा हूकपुरता असतो. मोटरहोमच्या चालकाच्या बाजूला एक पत्रक चिकटवलेले असते. त्यावर मोटरहोमचे स्वतःचे कमाल वजन आणि मोटरहोम अधिक मागची गाडी यांचे मिळून कमाल वजन, असे दोन वेगळे आकडे असतात. उदाहरणार्थ, पहिला आकडा २२,००० पौंड आणि दुसरा २६,००० पौंड असेल, तर मोटरहोम पूर्ण भरलेले असताना ओढायला फक्त ४,००० पौंड उरतात, मग हूक ५,००० चा असो की १०,००० चा. दोहोंपैकी जो आकडा लहान, तो पाळायचा. पाण्याची टाकी, पेट्रोल, माणसे आणि तुमच्या बॅगेतली शेंगाचटणी या सगळ्यांचे वजन मोटरहोममध्येच धरावे लागते. अंदाज करू नका. महामार्गावरच्या ट्रकथांब्यांवर वजनकाटे असतात. पूर्ण सामान भरून एकदा काट्यावर चढा.

हा हिशेब तुमच्या वाटेवर अधिकच महत्त्वाचा आहे. फिनिक्स समुद्रसपाटीपासून साधारण ३३० मीटर उंचीवर आहे आणि फ्लॅगस्टाफ २,१०० मीटरवर. मधल्या आय-१७ महामार्गावर लांबच लांब चढ आहेत. मे महिन्यात फिनिक्सचे तापमान सोलापूरच्या तोडीचे असते, तेव्हा इंजिन तापते. परतीला तोच उतार असतो आणि तिथे ब्रेक तापतात. उतरताना गिअर खाली टाकून इंजिनाच्या जोरावर वेग आवरावा, पाय ब्रेकवर ठेवून बसू नये.

सीनाकाठ

आपल्या भागात हे समजावून सांगायला अमेरिकेचे उदाहरण लागत नाही. हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर उतारावर कसा चालतो, ते पाहावे. चढावर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो आणि उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला रेटते. ट्रॉलीला ब्रेक नसतो, मागे दिवा नसतो, आणि रात्री तिच्यात मोटारसायकल घुसल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. आता पाटकरींच्या मित्रांना माझा प्रश्न असा की ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या चालतात, तर त्यांच्या वॅगनआरलाच कायदा आडवा का येईल?

नियमावली

कायदा आडवा येतो, आणि तो बराच स्पष्ट आहे. १९८९ च्या रस्ता नियमांपासून आपल्याकडची भूमिका अशी आहे की बंद पडलेले किंवा अर्धवट जुळणी झालेले वाहन, नोंदणीकृत ट्रेलर आणि साइडकार यांखेरीज दुसरे वाहन ओढता येत नाही. बंद पडलेले वाहनही जवळच्या गॅरेज किंवा पेट्रोल पंपापर्यंतच नेण्यासाठी ही सवलत आहे. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस बसलेला असला पाहिजे, किंवा तिची स्टिअरिंगची चाके क्रेन अथवा तत्सम साधनाने जमिनीपासून पक्की उचललेली असली पाहिजेत. दोन वाहनांतील अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नसावे आणि मागे पांढऱ्या पाटीवर किमान ७५ मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत 'ऑन टो' असे लिहिलेले असावे. वेगाची मर्यादा त्या नियमांत ताशी २४ किलोमीटर होती. २०१७ मध्ये वाहन चालवण्याचे नवे विनियम त्यांच्या जागी आले, तरी ओढण्याविषयीची मूळ चौकट तीच राहिली.

सीनाकाठ यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की ट्रॉली हा कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर आहे आणि त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. ती नसणे किंवा दिवे नसणे हा नियमभंग आहे. नियमभंग रोज दिसतो म्हणून तो नियम होत नाही. वॅगनआर ही मोटारच आहे, तिला दांडा जोडल्याने तिचा ट्रेलर होत नाही. शिवाय एमआयडीसीत सांगाड्याला वेल्डिंग करून हूक बसवला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्नही उभा राहतो, कारण वाहनात मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी सर्वांत आधी याच जागेवर बोट ठेवेल.

वेगाची मर्यादा इतकी कमी का, याचाही हिशेब सोपा आहे. ताशी २५ वरून ८० वर गेलो तर वेग सव्वातीन पटीच्या आतच वाढतो, पण थांबवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने, म्हणजे दहा पटींनी वाढते.

होटगी रोड गॅरेज

यात कारागिराच्या बाजूने थोडी भर घालतो. असा दांडा बनवून द्या, असे सांगत माझ्याकडे लोक येतात. लोखंड जाड आहे म्हणजे जोड मजबूत आहे, असा त्यांचा समज असतो. जोड तुटतो तो वेल्डिंगच्या कडेला, सततच्या धक्क्यांनी थकून, आणि तो तुटण्याआधी डोळ्यांना काहीच दिसत नाही. शिवाय वॅगनआरसारख्या गाडीला वेगळी चासी नसते, पत्र्याचाच सांगाडा असतो. तिचा पुढचा टो-हूक गाडी खड्ड्यातून काढण्यासाठी आहे, रत्नागिरीपर्यंत जाण्यासाठी नाही. मी असे काम घेत नाही.

पाटकरी साहेबांच्या जावयांसाठी एक शेवटची सूचना आहे. ट्रान्स्फर केस न्यूट्रलला टाकल्यावर इंजिन चालू असतानाच एकदा पुढचा आणि एकदा मागचा गिअर टाकून पाहावा. गाडी जागची हलली नाही, तरच न्यूट्रल पक्का लागला आहे. त्यानंतर इंजिन बंद करून, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये आणि मॅन्युअल असेल तर गिअरमध्ये ठेवायला त्यांची पुस्तिका सांगते. ही पडताळणी राहिली आणि ट्रान्स्फर केसचा दांडा 'एन'ऐवजी 'फोर-लो'मध्ये, म्हणजे चारही चाकांच्या सर्वांत जोरकस गिअरमध्ये राहिला, तर मॅन्युअल जीपमध्ये महामार्गावर तिची चाके बंद इंजिनाला त्याच्या सोसण्यापलीकडे फिरवतात. असे इंजिन उघडले की आत दुरुस्त करण्यासारखे काही उरत नाही.

वाळवंटी

आणि निघताना एकाने खाली उभे राहावे, मोटरहोम पन्नास फूट हळू पुढे न्यावे आणि मागच्या गाडीची चारही चाके फिरतात का, ते पाहावे. हँडब्रेक ओढलेला राहणे ही इथली सर्वांत नेहमीची चूक आहे. मग एक वळण घेऊन पुढची चाके मोकळी वळतात का, तेही पाहावे. दर थांब्यावर पिना, दोर आणि तारा हाताने चाचपाव्यात, आणि चाकांच्या तबकड्यांजवळ हात नेऊन कुठले चाक जास्त तापले आहे का, ते पाहावे.

पाटकरी

काल रात्री जावयांनी मोटरहोमवरचे पत्रक वाचून दाखवले. एकत्रित वजनातून मोटरहोमचे कमाल वजन वजा केल्यावर खरोखरच ४,००० पौंड उरतात, म्हणजे जीप दोनशे पौंडांनी जड ठरते. पाण्याची टाकी पूर्ण भरून न नेता मुक्कामी भरायची आणि निघण्यापूर्वी काट्यावर वजन करायचे, असे ठरले आहे. तरीही वजन बसले नाही, तर मुलगी जीप वेगळी चालवत आणेल. ब्रेकची पेटी त्यांनी मागवली आहे.

इथल्या मित्रांना नियमावली यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग रोजावरचा माणूस किती घेईल, ते विचारू लागले. चादर आणि चटणी यांनी तो आकडा कळवावा.

निघताना खाली उभे राहून चाके फिरतात का, ते पाहण्याचे काम आमच्या सौभाग्यवतींनी आपण होऊन मागून घेतले आहे. मी हँडब्रेक ओढलेला ठेवून सात रस्त्यापर्यंत गेलो होतो, तो प्रसंग त्या अद्याप विसरलेल्या नाहीत.